पानाखालचा वाटा

कळंबच्या बाजारात ती करटोली विकायला बसायची. डोंगरातल्या वाडीवरची, चाळिशीची बाई. नाव मी कधी विचारलं नाही. पाटी उतरवली की ती करटोलीचे वाटे लावायची आणि भवानी व्हायच्या आधीच दहावा वाटा सागाच्या पानाखाली झाकून ठेवायची. तो दशांश, त्यांच्या चर्चचा.

एकदा मला यायला उशीर झाला. बाकी सगळं खपलं होतं, म्हणून मी पानाखालचं मागितलं.

"ते देवाचं हाय, आजी."

"देव करटोली खातो होय गं? पाळक खातो."

"पाळकच खातो. बायको-पोरं हायेत त्याला," ती हसली.

मला रागच आला. तिची सून नुकतीच बाळंत झाली होती, हे तिनंच मला सांगितलं होतं. "मग हे घरी ने. गरिबाकडून कसला दशांश घेतो तो?"

तिनं पान नीट सारखं केलं. "नवरा गेला तवा वाडीतलं कुणी खांदा द्यायला आलं नाय. आमी येशूचे झालो म्हणून. पाळकानं एकल्यानं खड्डा खणला."

गरिबानं दशांश द्यावा, हे मला आजही पटत नाही. पण तेव्हा मी एवढंच विचारलं, "आणि सून काय खाईल गं?"

पाटी डोक्यावर चढवत ती म्हणाली, "जाताना भाजी खुडीन की. रान काय बंद झालंय व्हय!"