कॅमेऱ्यामागचे अण्णा

आमच्या अग्निशमन केंद्राच्या मागच्या खोलीत एक टीव्ही होता. बाहेरचं कुणी त्या खोलीच्या दारात आलं, की सूर्यवंशी अण्णा आधी खांद्यावरचा टॉवेल काढून टीव्हीवर टाकायचे आणि मग म्हणायचे, "या, बसा." येणारा एखाद्या पुढाऱ्याचा माणूस असो, पेपरवाला असो, नाहीतर अण्णांचा सख्खा भाऊ. टॉवेल पडायचाच.

सीमेलगतच्या कानडी मुलखात, उमरग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं केंद्र लहान. दोन गाड्या, मोजके जवान, आणि प्रमुख म्हणून अण्णा. माणूस उंचीनं बेताचा, आवाज मात्र असा की पाण्याच्या पंपाच्या घरघरीतही ऐकू यावा. औराद तालुक्यातल्या एका बौद्ध कुटुंबातला हा मुलगा खात्यात साधा जवान म्हणून लागला आणि एकेक पायरी चढत वर आला. वरिष्ठांशी कानडीत बोलायचे, गॅरेजवाल्याशी दखनी उर्दूत, आणि रागावले की मराठीत. त्यामुळे त्यांची मराठी माझ्या वाट्याला बरीच आली.

गाडीच्या काचेमागे एक आणि प्रत्येक जवानाच्या छातीवर एक असे कॅमेरे आले, तेव्हा पहिल्या दिवशी आम्ही सगळे केस विंचरून उभे राहिलो. अण्णा हसले नाहीत. म्हणाले, "ह्यो कॅमेरा आगीकडं बघायला हाय, माणसाकडं न्हाई. जळालेलं घर उघडं पडलेलं असतंय. त्येला दार बी ऱ्हात न्हाई. म्हणून दाराचं काम आपून करायचं."

त्यांचे नियम सोपे होते. कुणाच्या घरात शिरताना मोठ्यानं सांगायचं, कॅमेरा चालू आहे. आग विझली की बंद करायचा. चित्रण कुणी पाहिलं, कशासाठी पाहिलं, हे वहीत नावासकट लिहायचं. चौकशीला लागणार नसेल, तर महिन्यानं पुसून टाकायचं. आम्हाला शिकवायला मात्र ते त्या चित्रणाचा पुरेपूर उपयोग करत. एका कडब्याच्या गंजीच्या आगीनंतर त्यांनी मला टीव्हीसमोर बसवलं. "बघ, वारं इकडून यायलंय, आन तू पाइप कुणीकडं धरलास?" दोन मिनिटांनी स्वतःच म्हणाले, "आन हितं गाडी मी चुकीच्या बाजूनं घ्यायला लावलो. ते बी लिही." स्वतःची चूक लिहून घेणारा अधिकारी मी तोवर पाहिला नव्हता.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. एका सकाळी गावातल्या गल्लीत गॅसच्या नळीनं पेट घेतला. घर काशीबाईंचं. नवरा वारलेला, पापड-शेवया करून मुलीला कॉलेजात शिकवणारी बाई. मी धुरात शिरलो तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पडल्या होत्या. अंगावरचं लुगडं अर्धं जळालेलं. मी त्यांना तसंच उचलून बाहेर आणलं. दंड भाजला होता, पण जीव वाचला. माझ्या हातून वाचलेलं ते पहिलं माणूस.

दुपारी अण्णा तहसीलला गेले होते. मी चित्रण लावलं, नियमाप्रमाणे वहीत माझं नाव लिहिलं, आणि मग टीव्हीसमोर मोबाइल धरून तेवढा तुकडा उतरवून घेतला. मेहुण्याला पाठवला. खाली लिहिलं, 'बघा, तुमचा पाव्हणा काय करायलाय.' मेहुण्यानं कौतुकानं तो गावच्या ग्रुपवर टाकला. दिवस मावळायच्या आत तो सगळ्या तालुक्यात पोचला. त्यात माझा चेहरा नव्हताच. कॅमेरा माझ्या छातीवर होता. दिसत होत्या फक्त काशीबाई.

अण्णांनी दुसऱ्या दिवशी वही माझ्यापुढे उघडून ठेवली.

"कामून केलास रं, मारुती?"

"अण्णा, चांगलं काम केलं होतं. म्हणून दाखवलं."

त्यांनी वहीतल्या माझ्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "काम तुझं होतं. अंग तिचं होतं."

त्याच दिवशी त्यांनी वर अहवाल पाठवला. माझं नाव लिहिलं, आणि त्याखाली स्वतःबद्दल लिहिलं, 'खोलीची जबाबदारी माझी होती, मी कुलूप न लावता गेलो.' मी निलंबित झालो. त्यांना लेखी ठपका मिळाला. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली, तोवर कागद कोरा असलेला माणूस तो. मला वाटलं, आता हे माझं तोंडही पाहणार नाहीत. पण तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांची स्कूटर माझ्या दारात उभी. "चल. आधी तिच्या घरी जाऊ."

काशीबाई भावाच्या घरी होत्या. दंडाला पट्टी. मी पाया पडायला वाकलो तर मागे सरकल्या. "जीव वाचविलास भाऊ, ते मी इसरले न्हाई. पण आता पापड द्यायला गेले की माणसं माझ्याकडं बघत्यात आन मग खाली फोनाकडं बघत्यात. लेक कॉलेजला जायना." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसेना. मी म्हणालो, "अक्का, सांगाल ते करतो." त्या म्हणाल्या, "मग पूस ते."

अण्णांनी त्यांना विचारून पोलिसांत तक्रार दिली. उरलेलं काम आम्ही दोघांनी केलं. जवळजवळ दोन महिने, अण्णांना सुट्टी मिळेल तेव्हा, ते स्कूटरवर पुढे आणि मी मागे. राजेश्वर गाव, बसवकल्याण, पार उमरग्यापर्यंत. ज्याच्या फोनवर तो तुकडा असल्याचं कळे, त्याच्या दुकानात, शेतात, घरी जायचं. मी सांगायचं की ही चूक माझी आहे. अण्णा हात जोडायचे. "तुमच्या घरची बाई समजा, आन पुसा. माझ्यापुढं पुसा." कुणी लाजले, कुणी चहा पाजला, एकानं तर दात काढून विचारलं, "अण्णा, तुम्ही बी बघितलाव का?" अण्णा शांतपणे म्हणाले, "न्हाई. न बघता बी काम होतंय." तो तुकडा सगळीकडून गेला असेल असं मी म्हणणार नाही. तसं होत नसतं, हे मी त्या स्कूटरवर शिकलो.

वरून विचारणा आली, की एवढा त्रास होणार असेल तर कॅमेरे काढूनच टाकायचे का? अण्णांनी उत्तर लिहायच्या आधी काशीबाईंना गाठलं. मीही बरोबर होतो. त्या विचार करून म्हणाल्या, "असू द्या. तुम्ही शिकता त्येच्यावर. पण बाई दिसली की आधी झाका, मग उचला." त्या आठवड्यात दोन्ही गाड्यांत पाइपाशेजारी जाड सुती चादरी आल्या. आजही प्रत्येक आगीत पहिला जवान पाइप घेतो, दुसरा चादर. टीव्हीच्या खोलीत मोबाइल नेणं बंद झालं, प्रमुखासकट सगळ्यांना.

मला परत कामावर घेतलं. अण्णा निवृत्त होऊन बसवकल्याणला लेकीकडे राहायला गेले, आणि गेल्या वर्षी एका दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. आम्ही सगळे गेलो. गर्दीत एका बाजूला काशीबाई उभ्या दिसल्या. बसनं आल्या होत्या, सोबत मुलगी. ती आता कडगंचीला विद्यापीठात शिकते. मी जवळ गेलो. नमस्कार केला.

त्याच म्हणाल्या, "सगळे मला म्हणायचे, झालं ते इसर बाई. तुमचे अण्णा एकटेच कधी तसं म्हणले न्हाईत. दर दिवाळीला यायचे, 'कसं हाय?' म्हणून इचारायचे, आन मी सांगन ते ऐकून घ्यायचे."

मला हे ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं एकत्र काढली, पण या भेटींबद्दल त्यांनी एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

आता त्या खोलीचं काम माझ्याकडे आहे. नवा जवान रुजू झाला की मी त्याला कॅमेरा देण्याआधी समोर बसवतो आणि माझी चूक सांगतो, माझ्या नावासकट. काशीबाईंचं नाव सांगत नाही. इथं लिहिलंय तेही त्यांचं खरं नाव नाही. हे सगळं लिहू का म्हणून मी त्यांना विचारायला गेलो होतो. त्या म्हणाल्या, "अण्णांचं लिही. त्येंचं नाव खरं लिही."