आरतीच्या ताटातले सुटे पैसे

रायपूरच्या आमच्या दत्तमंदिरात दर गुरुवारी उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचे कामगार पोटभर जेवतात. त्या पंगतीचे जेवण इंदूताई वर्षानुवर्षे प्रेमाने रांधतात. परवा आरतीआधी अध्यक्ष श्रीपादराव म्हणाले, "दान पुरत नाही. आजची पंगत शेवटची."

आरती होताच इंदूताईंनी ताट उचलले आणि भक्तांमधून फिरवू लागल्या. कंत्राटदार अनिमेषने शंभराची नोट टाकली आणि आमच्याकडच्या सवयीप्रमाणे ताटातून नव्वद परत वेचू लागला. ताईंनी ताट मागे ओढले.

"देवाच्या ताटात सुटे शोधून राहिला, भैया? लाज नाही वाटत?"

"दीदी, सब लेते हैं," तो हसला.

"म्हणून तर पंगत बंद होऊन राहिली! दत्ताच्या दारातून माणूस उपाशी गेला, तर मी हे ताट कोणाले ओवाळू?"

मायबापहो, ताईंनी ते ताट पुन्हा त्याच्यापुढे धरले! अनिमेषने वेचलेल्या नोटा परत ठेवल्या. मागच्या भक्तांनी पाकिटे पुन्हा उघडली. श्रीपादराव सुटकेने म्हणाले, "चला, पुढच्या गुरुवारचा खर्च निघाला."

"अन् त्याच्या पुढचा?" ताई कडाडल्या, आणि ताट घेऊन त्यांच्याच समोर उभ्या राहिल्या.