घरी विचारून छापणारा पेपर

वेंगुर्ल्यात एक साप्ताहिक होतं. चार पानं, दर शुक्रवारी. चालवणारा माणूस एकच, गाव त्यांना मास्तर म्हणायचं. मी होडीवाल्यांसाठी ट्रॉलरविरुद्ध पत्रकं लिहायचो आणि ती त्यांच्याच छापखान्यात छापायचो. माझी उद्गारचिन्हं ते न विचारता काढून टाकत. मी भांडायचो.

मास्तरांची एक रीत होती. कुणाच्या घरी मरण झालं की बातमी आधी त्या घरी जायची. ते खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बसून कागद वाचून दाखवायचे आणि विचारायचे, "घालू काय?" घरातलं माणूस हो म्हणालं तरच छापायचे. कधी उत्तर यायचं, "थोरलां चेडू गोव्याक आसा, तेका आधी कळूक होया." मग मुलीला कळेपर्यंत बातमी थांबायची, पुढच्या शुक्रवारी यायची. असं विचारायला जाताना ते मला सोबत न्यायचे.

"मास्तर, तुमची बातमी लोकांच्या घरी चहा पीत बसते," मी परतताना टोमणा मारायचो.

"बसूंदे रे. बांगडो न्हय तो, दुपारी वास येवक."

दोन हजार सातच्या आसपास मुंबईची एक वेबसाइट माझ्या बातम्या घ्यायला लागली. मासळीबाजारासमोर सायबर कॅफे होता. तिथून ईमेल केला की अर्ध्या तासात माझं नाव जगभर. मला त्याची चटक लागली, सरळ सांगतो.

त्याच वर्षी एकटाच होडी घेऊन गेलेला एक माणूस परतला नाही. तीन दिवस गावच्या होड्या शोधत होत्या. सरकारी बोट जागची हलली नाही. चौथ्या दिवशी सकाळी आरोंद्याच्या खाडीत तो सापडला. मी तिथेच होतो. सोबतच्या दोघा होडीवाल्यांनी शर्टावरून ओळखलं. ते म्हणाले, आधी बायकोच्या भावाला गाठू, मग तिघे मिळून तिला सांगू. ते एसटीची वाट बघत थांबले. माझ्याकडे मोटरसायकल होती.

मी पुढे निघून सायबर कॅफेत आलो आणि संतापाने लिहिलं. न हललेल्या बोटीवर लिहिलं, आणि मेलेल्याचं नाव, गाव सगळं दिलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. बातमी लागली तसा वेबसाइटवाल्यांचा फोन आला, त्याच्या बायकोचा फोटो मिळेल का? बघतो, म्हणालो. नाही म्हणालो नाही.

कॅफेबाहेर आलो तर ती समोर बाजारातच होती. घरी बसवेना म्हणून दुसऱ्यांची मासळी विकत होती. तेवढ्यात लिलाववाल्याने तिच्या हातात मोबाइल दिला. फोनवर तिचा मुंबईतला मुलगा होता. त्याला ऑफिसात कुणीतरी बातमी दाखवली होती. आईला कळलंय असंच तो धरून चालला. त्याने विचारलं, "आये, बाबांक घराक कधी हाडतले?"

नवरा सापडला, घरी आणणार, एवढंच तिला कळलं. तिचा चेहरा उजळला. मी पाहिला.

"गावले? खंय गावले? काय खाल्ल्यानी काय रे?"

पलीकडे तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. ती खाली बसली. फोन मासळीच्या टोपलीत पडला आणि त्यातून बराच वेळ "आये, आये" येत राहिलं.

तासाभराने ते तिघे आले. सांगायला काहीच उरलं नव्हतं. बाजाराच्या तोंडाशी नुसते उभे राहिले.

गुरुवारी मास्तर तिच्या घरी गेले. मला बोलावलं नाही. मी मागोमाग गेलो, कुंपणाबाहेर थांबलो. त्यांनी वाचून दाखवलं, विचारलं, "घालू काय?"

"आता कित्याक इचारतात, मास्तरानू? मुंबयत सगळ्यांनी आधीच वाचल्यानी."

त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. ती बातमी त्यांनी छापली नाही.

पुढे दोनेक वर्षांत पेपर बंद पडला. पोस्टाने अंक मागवणारे चाकरमानी नेटवर वाचायला लागले होते. मी ज्या वेबसाइटसाठी धावत होतो ती मास्तरांचेच वाचक घेऊन गेली, आणि मला ते मागाहून कळलं.

 मास्तरांनी मला कुणाच्या खळ्यात पुन्हा सोबत नेलं नाही. तिच्या नवऱ्याच्या बाराव्यानंतर मी सरकारी बोटीबद्दल एक पत्रक लिहून त्यांच्याकडे दिलं. दुसऱ्या दिवशी छापून आलं. छापखान्याच्या दारातच उघडून पाहिलं. माझी सगळी उद्गारचिन्हं जागच्या जागी होती.