मृणालिनीताईंची बासुंदी

गुणवंत साळगावकर शारजात हायजीन ऑफिसर. म्हणजे हजारो कामगारांचं जेवण शिजतं त्या किचनमध्ये शिरायचं, भातात थर्मामीटर खुपसायचा, गटाराचं झाकण उचलून आत डोकवायचं आणि आचाऱ्याला म्हणायचं, "हबीबी, खलास, सगळं फेका." त्यांच्या राज्यात कधी कुणाचं पोट बिघडलं नाही. याचा त्यांना केवढा अभिमान, विचारू नका!

घरी मात्र या गुणानं वैताग आणला होता. मुग्धासाठी, म्हणजे लेकीसाठी, आलेलं पहिलं स्थळ त्यांनी यजमानांच्या श्रीखंडात थर्मामीटर घालून घालवलं. मुग्धाला त्याचं काही नव्हतं; तो मुलगा तिला आवडलाच नव्हता. पण वेदांग तिनं स्वतः निवडला होता. अबुधाबीला त्याच्या घरी बोलणी करायला निघताना अर्चनाबाईंनी नवऱ्याला बजावलं, "अहो, आज तोंडातून ब्र काढलात तर बघा!" मागच्या सीटवरून मुग्धा म्हणाली, "बाबा, प्लीज. जस्ट बी नॉर्मल."

वेदांगची आई मृणालिनीताई, भारी हौशी बाई. जेवणं झाली, बासुंदीच्या वाट्या आल्या. "कालच आटवली," त्या कौतुकानं म्हणाल्या. "फ्रिजमध्ये मेली जागाच नव्हती, म्हणून रात्रभर ओट्यावर ठेवली. एसी चालू होताच, घर म्हणजे फ्रिजच की!"

एसीला फ्रिज समजणाऱ्या आचाऱ्यांना गुणवंतराव रोज झापत. त्यांनी तोंड उघडलं, तोच अर्चनाबाईंनी टेबलाखाली पायावर पाय दिला. बोलावं तर लग्न मोडतं, गप्प बसावं तर पोटं बिघडतात. त्यांनी आपली वाटी संपवली. मुग्धाची ओढली. "हिला गोड सोसत नाही." अर्चनाबाईंची ओढली. "हिची शुगर." अर्चनाबाईंना शुगर नव्हती.

मृणालिनीताई हरखूनच गेल्या. असा खवय्या व्याही मिळायला भाग्य लागतं म्हणाल्या, आणि तिथल्या तिथे लग्न ठरलं.

दुसऱ्या दिवशी गुणवंतराव हॉस्पिटलात, हाताला सलाईन. चेहरा पांढराफटक, पण समाधानी. लेकीचं लग्न ठरलं होतं आणि लेकीचं पोट शाबूत होतं. संध्याकाळी फोन आला. मृणालिनीताईंचा आवाज पार खोल गेला होता.

"वेदांगलाही ॲडमिट केलंय. मुग्धा म्हणते, बासुंदीचं तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. खरं का?"

"हो."

"अहो, मग सांगायचं ना! रागावले असते मी. दोन दिवस धुसफुसले असते. पण पातेलं ओतून दिलं असतं."

गुणवंतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलंच माझं," ते म्हणाले.

"बायकोची वाटी उचललीत, मुलीची उचललीत," मृणालिनीताई म्हणाल्या. "माझं पोर तुमच्या शेजारीच बसलं होतं ना हो?"