पाठीवरचा ओला डाग

फवारणीआधी प्रत्येक पंप तपासून घ्यायचा, असा ठराव आमच्या ग्रामसभेनं केला आणि ते काम माझ्या धाकट्या बहिणीकडे, नंदाकडे आलं. आयटीआय शिकलेली गावात ती एकटीच. त्या सकाळी ग्रामपंचायतीसमोर रांग लागली होती. नंदा पंपात साधं पाणी भरायची, दांडा हलवून दाब द्यायची आणि पंप स्वतःच्या पाठीवर घेऊन थोडं चालायची.

माझा पंप उतरवून तिनं माझ्याकडे पाठ केली. "दादा, बघ."

तिच्या कुडत्यावर तळहाताएवढा ओला डाग उमटला होता.

"थोडंसंच गळतंय," मी हळूच म्हणालो. "घरचाच पंप आहे."

"घरचा असला तरी फवारणार किसनभाऊ. त्यांच्या पाठीवर पाणी नाही, औषध गळेल."

आमच्याकडे कित्येक वर्षं फवारणी करणारे किसनभाऊ शेजारीच उभे होते. मला त्यांच्याकडे बघवेना. इतक्या हंगामांत त्यांची पाठ मी कधी पाहिलीच नव्हती. ठराव झाला तेव्हा मीही हात वर केला होता. पण त्याचा अर्थ मला कळला तो आपल्याच माणसानं अडवल्यावर.

मी पंपाचा झिजलेला रबरी वायसर बदलून आणला आणि रांगेत शेवटी उभा राहिलो.

पुढच्यानं वळून विचारलं, "सख्ख्या बहिणीनं परत पाठवलं तुम्हाला?"

"हो, माझ्याच बहिणीनं," सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं मी म्हणालो.