उलट्या बाटल्या

माझी मुलगी इथे बडोद्यातच एका संशोधन संस्थेत काम करते. तिथे नॅनो आणि मऊ अशा दोन्ही प्रकारच्या वस्तूंवर संशोधन चालतं. नॅनो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याचा नाद मी सोडलाय. पण मऊ तरी कळावं अशी इच्छा होती. गेल्या रविवारी ती डबा विसरून गेली आणि मला निमित्त मिळालं.

अकोटा भागातल्या आमच्या घरून स्कूटरवर पोहोचलो. वॉचमनने "काका, चप्पल अहीं" म्हणत चपला आणि डबा दोन्ही ठेवून घेतलं. मुलीने मला तिच्या टेबलापाशी उभं केलं आणि हात धुवायला गेली.

टेबलावर औषधाच्या असतात तशा सहा चिमुकल्या बाटल्या झाकणांवर उलट्या उभ्या होत्या. घाईत राहिल्या असतील, म्हणून मी एकेक सरळ केली. आतलं नीट खाली बसावं म्हणून प्रत्येकीला टिचकीही मारली.

ती आली, बाटल्या बघितल्या आणि खुर्चीत बसली.

"बाबा, या तुम्ही सरळ केल्यात?"

"हो. सगळ्या उलट्या होत्या."

"शुक्रवारपासून मुद्दाम उलट्या ठेवल्या होत्या."

मग तिने समजावलं. तीन दिवस उलटं राहूनही जे घसरत नाही, ते पक्कं जेल, म्हणजे जेलीसारखं घट्ट. सहांतलं कुठलं टिकलं, ते सोमवारी सकाळी सरांना दाखवायचं होतं. माझ्या टिचक्यांनी सगळीच हलली. घरी विरजण लागलं का बघायला मी पातेलं कलतं करतो आणि दही मोडतो, म्हणून बायकोने मला ओट्यापाशी बंदी केली आहे. इथे उलट्याचं सरळ केलं, तरी मोडलंच. माणसाने करायचं तरी काय?

"कुठली घसरली होती, आठवतंय?"

"चौथी," मी म्हणालो. मग कुठल्या बाजूने चौथी, ते आठवेना. पाचवीही असेल.

तिने माझी साक्ष वहीत घेतली नाही. सरांना फोन करून झालं ते सगळं सांगितलं. पलीकडून हसणं ऐकू आलं. इकडे हिचा चेहरा रडवेला. मी कुणासारखं तोंड करावं, तेच कळेना. नवीन करा, गुरुवारी दाखवा, असं सर म्हणाले म्हणे.

ती पुन्हा कामाला लागली. मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. निघताना बघितलं, टेबलावर तिने कागद चिकटवला होता: हात लावू नये. बाकी सगळ्या पाट्या इंग्रजीत होत्या. ही मराठीत का, ते मी विचारलं नाही.