पहिले पाचशे मैल

नव्या इंजिनाला पहिले पाचशे मैल जपावं लागतं, हे मी माझ्या गॅरेजात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, आणि जरा चढ्या आवाजातच सांगतो. लोकांना वाटतं म्हातारा खवट आहे. आहेच. पण आवाज चढतो तो स्वतःवरच.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मी चोवीस वर्षांचा होतो आणि उलट बोलल्याबद्दल दोन गॅरेजांतून हाकलला गेलो होतो. वडील पुण्यात एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. त्या डॉक्टरांनी परदेशातून दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्‌स कार मागवली. गडद हिरवी, कोरी करकरीत. दवाखान्यातून त्यांना फुरसत नव्हती, म्हणून सुरुवातीचे पाचशे मैल ती सावकाश चालवून इंजिन रुळवायला त्यांना कुणीतरी हवं होतं. माझे वडील कधी कुणाकडे काही न मागणारे. ते डॉक्टरांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "मुलाला द्या. जबाबदारी माझी." डॉक्टरांनी मला किल्ली दिली आणि एकच बजावलं, वेगाचा काटा तीसच्या वर जाता कामा नये.

रोज सकाळी मी पौडवरून मुळशीकडे जायचो आणि तसाच परत यायचो. त्या गाडीत बसून तीसच्या चालीने जाणं म्हणजे पंगतीला बसून नुसतं पाणी पिणं. पौडची बस रोज मला मागे टाकायची आणि तिचा कंडक्टर खिडकीतून डोकं काढून ओरडायचा, "ढकलू का रं?" आठ दिवस मी ऐकून घेतलं. नवव्या दिवशी माझं टाळकं सटकलं.

बसला मी पौडच्या अलीकडेच गाठलं आणि मागे टाकलं. तिथं थांबायला हवं होतं, पण पाय उचलवेना. पन्नास झाले, साठ झाले, सत्तर झाले. खोटं कशाला बोलू, तेवढा आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. पौड सोडून माले गावाच्या अलीकडे चढ लागला. तापमानाचा काटा लाल रेघेच्या पार गेलेला दिसला, तोवर जळक्या तेलाचा वास आला, इंजिन किंचाळलं आणि मागची चाकं जागीच धरली. गाडी रस्त्याच्या मधोमध फरफटत थांबली. हँडल घालून पाहिलं, तर तसूभर हलेना. इंजिन जाम झालं होतं. साडेतीनशे मैलसुद्धा पुरते झाले नव्हते.

नोकरी गेली, एवढं तर कळलंच. पण खरी धास्ती वडिलांची होती, जबाबदारी त्यांनी घेतली होती. मी बॉनेटला टेकून उभा राहिलो आणि थाप रचू लागलो. कारखान्यातूनच खोट आली होती, म्हणून सांगायचं. मी तीसवरच होतो, म्हणायचं. पाहायला कोण होतं?

आवाज ऐकून शेतातून दहा-बारा माणसं आली. पुढे एक म्हातारबाबा होते, काटकुळे, मिशा पांढऱ्या. मी म्हटलं, "मामा, बैलजोडी आणता का? गाडी ओढून बाजूला घ्यायचीय."

"आज न्हाई," ते म्हणाले. "आज पोळा हाय. कालच खांदं मळल्यात. आज त्यांच्या खांद्याला कशाचाबी भार लागायचा न्हाई."

मला राग आला. माझ्यावर आभाळ कोसळलंय आणि यांना बैलांचं पडलंय, असं मी मनात म्हणतोय तोवर त्यांनी एकाला दोर आणायला पिटाळलं. दोर पुढच्या दांड्याला बांधला. मग म्हातारबाबांनी डोक्याचं मुंडासं सोडून खांद्यावर घडी घातली, तिच्यावर दोर घेतला आणि बाकीच्यांना हाक दिली. त्या माणसांनी ती गाडी चढावरून गावापर्यंत ओढत नेली. मी आत बसून चाक धरलं होतं. समोर सारा वेळ म्हातारबाबांची पाठ दिसत होती.

त्यांच्या दारात गाडी लावली. त्यांनी मला जेवायला बसवलं. पुरणपोळी वाढता वाढता मालकीणबाईंचं लक्ष त्यांच्या खांद्याकडे गेलं. घडी सरकून दोर काचला होता आणि कातडी लाल झाली होती. बैलांच्या खांद्यांना लावून उरलेलं हळद-तूप वाटीत होतं. तेच त्यांनी आणून नवऱ्याच्या खांद्याला चोळलं. "बैलाचा खांदा वाचला आन् ह्यांचा आला," एवढंच म्हणाल्या.

"कशानं मोडली रं?" म्हातारबाबांनी मला विचारलं.

"कारखान्याची चूक," मी म्हणालो. तोंडातला घास तसाच.

"नवीच हाय न्हवं?"

"हो."

"आमी नव्या खोंडाला पयलं सालभर हलकंच काम देतो. एकदम नांगराला जुपला की खांदा येतो त्याचा, सुजून बसतो. मग दोष खोंडाचा न्हाई." आणि पोळीवर तूप वाढायला सांगून ते उठले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

अंगणात रंगवलेल्या शिंगांचे बैल उभे होते. पोळी भरवून झाल्यावर हा सकाळी माझ्याशी फटकन बोललेला माणूस चिखलात गुडघे टेकून बसला आणि बैलाच्या खुरांवर त्याने डोकं ठेवलं. "वरीसभर मारलं, शिव्या घातल्या. चुकलं बाबा." सगळ्यांसमोर, मोठ्याने. ते पाहून मला माझ्या थापेची लाज वाटली.

दुपारच्या बसने पुण्याला आलो आणि थेट दवाखाना गाठला. वडील औषधाच्या बाटल्या भरत होते. त्यांच्यादेखतच मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, सत्तरच्या काट्यासकट. वडिलांचा हात थांबला. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

मग म्हणाले, "इंजिन उघडलं की पिस्टन बघून मिस्त्रीने मला हे सांगितलंच असतं. तू आधी सांगितलंस, हे बरं केलंस." आणि वडिलांकडे वळून, "तुमची जबाबदारी अजून संपलेली नाही. इंजिन झालं की पाचशे मैल पुन्हा हाच करेल."

वडिलांनी मान हलवली आणि बाटल्या भरायला घेतल्या. त्या रात्री माझ्या ताटात त्यांनी स्वतःच्या हाताने भात वाढला. तसं ते कधी करत नसत.

पुढे मी बरीच इंजिनं उघडली, स्वतःचं गॅरेज काढलं, अन्नाला लागलो. ते सगळं मालेच्या त्या अंगणात मिळालं, असं मी मानतो. ते उपकार माझ्याने फिटले नाहीत, फिटणारही नाहीत.

सुटे भाग यायला उन्हाळा उजाडला. गाडी पुन्हा हातात आली, तेव्हा पहिल्याच दिवशी मी पंचविसाच्या चालीने माले गाठलं. वाटेत बस पुढे गेली, कंडक्टर ओरडला, मी हात हलवून त्याला वाट दिली. म्हातारबाबा दारातच होते. त्यांनी गाडीला एक फेरी घातली, बॉनेटवर तळवा ठेवला आणि विचारलं, "बरा झाला का रं हिचा खांदा?"

मी त्यांना हेच विचारायला आलो होतो.